पाठ नसलेला अंगरखा

नाटकात गुरुजींनी सिंहासनावरच्या महाराजांना वाकून मुजरा केला, खांद्यावरचा शेला घसरून खाली पडला, आणि शाळेच्या पटांगणात बसलेल्या अख्ख्या कामरगावाला त्यांची उघडी पाठ दिसली. अंगरख्याला मागची बाजूच नव्हती. मानेवर एक नाडी, कमरेवर एक नाडी, मधे गुरुजी. बायांनी तोंडात पदर कोंबले. माझ्या हातातले फुटाणे सांडले.

अंगरखा शिवला होता माझ्या भावजयीने, सुमनने. मला गावातच दिलेली, त्यामुळे ही जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिली. कामाला वाघ, डोक्याने तिरपी. तीस वर्षं झाली, मुरलीधराच्या मूर्तीचे कपडे शिवते. जुन्या चालीचे अंगरखे, बाराबंद्या, सगळं वीतभर. माणसाचं कापड हातात घेत नाही. ब्लाऊज घेऊन गेलं तर म्हणते, "म्या देवाची शिंपीन आहो. बायकायचे नखरे मले जमत नाही."

यंदा शाळेच्या नाटकात सरदार व्हायचं ठरलं म्हणून आमचे रिटायर गुरुजी तिच्याकडे आले. वाटलं, हाकलून देईल. तिने देवाचा जुना अंगरखा काढला. गुरुजींना मूर्तीसारखं भिंतीला टेकवून उभं केलं आणि विती मोजल्या.

"देव एक वीत, गुरुजी सात वीत. मंग सगळंच सातपट."

नमुना कापायला सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या उलगडून अंगणात पसरल्या. देवाची बाही दोऱ्याने मोजायची, तो दोरा सात वेळा टाकायचा, कोळशाने रेघ मारायची. गळा सातपट, घेर सातपट.

मी म्हटलं, "अवं सुमे, मानसाचं पोट देवावानी राह्यते काय?"

"देवाले पुरलं तं मानसाले काहून नाही पुरनार, अक्का?" हे तिचं पालुपद.

आणि पुढून अंगरखा खरंच असा बसला की मी बघतच राहिले. नाटकाच्या दिवशी गुरुजींना तिनेच सजवलं. बनियनसुद्धा काढायला लावली. "जुन्या काळात बनियन कुठं होती?" वरून शेला टाकला. गुरुजींना वाटलं, जुनी चाल अशीच हवेशीर असेल.

आता देवळातली मूर्ती भिंतीला टेकलेली. देवाची पाठ कोणी पाहत नाही, म्हणून देवाच्या कपड्याला पाठ नसते. हिने तेही सातपट केलं.

खेळ संपल्यावर गुरुजी लालबुंद. "सुमनबाई, मागचं कापड कुठं गेलं?"

"मागचं?" ती खरंच गोंधळली. "देवाले तं नसते."

"मी देव नाही हो! उद्या पुन्हा खेळ आहे, बाहेरगावचे लोक येतात. पाठ लावून द्या, नाहीतर दुसऱ्याचा अंगरखा घालतो."

तिचा चेहरा उतरला. तीस वर्षांत माणसासाठी शिवलेला एकच कपडा, तोही वाया जायला निघालेला. मी टेप घेऊन तिच्या घरी गेले.

"चाल, गुरुजींची पाठ मोजून येऊ."

"मोजाचं काम नाही."

"न पाह्यता कापतं काय?"

"मानसाची पाठ म्या पाह्यली हाये एकदा, अक्का. ध्यानात हाये."

दोरा नाही, कोळसा नाही, सातपट नाही. सरळ कापडात कात्री घातली. वेड लागलं हिला, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी अंगरखा घातला. पुढून नेमका. मागून दोन्ही खांद्यांवर चार-चार बोटं लोंबत होता. गुरुजी म्हणजे तुरीची काडी.

"ही कोणाची पाठ लावली, बाई?"

सुमन जमिनीवर पडलेली सुई शोधत राहिली. सुई तिच्या पदरालाच टोचलेली होती.

ती पाठ मी ओळखली होती. माझा भाऊ पाठीने कवाडासारखा रुंद होता. तीस वर्षांपूर्वी कामाला जातो म्हणून जीपमध्ये चढला. मागे वळून पाहिलं नाही, परत आला नाही. त्या दिवशी स्टँडवर आम्ही दोघीच उभ्या होतो.