कोंडाआत्या फी समजून घेतात

आमच्या आणे गावाहून जुन्नरला जाणाऱ्या एसटीत कोंडाआत्या चढल्या की कंडक्टरच्या कपाळावर आठ्या पडतात. तिकीट डोळ्यांजवळ धरून आत्या साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "ह्यातलं गाडीचं किती, अन् हा वरचा रुपाया कशाचा?" एका नव्या कंडक्टरनं सांगितलं, "अपघात निधीचा, आत्या." तर म्हणाल्या, "मंग ड्रायव्हरला म्हनावं नीट चालव. रुपाया तरी वाचंल."

आत्या माझ्या शेजारच्या. वय सत्तरीच्या घरात, पण चाल अजून मेंढरांमागची, लांब ढांगांची. नवरा होता तोवर कळप घेऊन दरवर्षी कोकणात उतरायच्या. तो गेल्यावर मेंढरं विकली, गावठाणात स्वतःच्या नावानं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकल्या. जोडाक्षरांशी मात्र अजून भांडण आहे.

"समजल्याबिगर द्यायचं नाय," हा त्यांचा कायदा. डॉक्टरनं तपासणी फी मागितली तेव्हा म्हणाल्या, "जीभ बघितली नाय, मंग तपासलं काय?" तेव्हापासून आत्या गुडघा धरून आल्या तरी डॉक्टर आधी जीभ बघतो.

माझं जुन्नरला टायपिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका सकाळी आत्या तिथं येऊन बसल्या.

"भाऊ, घर सुनंदाच्या नावावर करायचंय. सरकारची फी काय पडंल?"

सासरहून परत आल्यापासून सुनंदा त्यांच्याकडेच राहते, पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवते. आई वारली तेव्हा तीन वर्षांची होती. बापानं दुसरं लग्न केलं आणि पोर चार दिवसांसाठी म्हणून आत्यांच्या पालावर ठेवली. ते चार दिवस संपले नाहीत. आत्यांना मूल नव्हतं. कागदोपत्री दत्तक वगैरे कुणाला सुचलं नाही.

मी सांगितलं, "पोटच्या मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नावाला लागतं. पण कागदावर सुनंदा तुमची कुणी नाही. मग सरकारी दरानं घराची किंमत धरतात आणि विकत घेतल्यासारखं पुरं शुल्क लागतं."

आत्या म्हणाल्या, "म्हंजी परकी म्हून दंड?"

"दंड नाही, आत्या. नियम आहे. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही."

"मी मेल्यावर काय व्हतं ते मला दिसनार हाय का? पुतण्ये तिला दाराबाहेर काढत्याल अन् मी फोटूतनं बघू? उताऱ्यावर तिचं नाव मला वाचायचंय. आडनावात जोडाक्षर हाय, तरी वाचीन."

पुढच्या सोमवारी आम्ही नोंदणीच्या कचेरीत गेलो. दारातच एक एजंट आडवा आला. पांढरा शर्ट, दोन मोबाईल. "मावशी, सगळं मिळून मी बघतो," म्हणाला आणि एक आकडा सांगितला.

"सगळं मिळून नगं. तोडून सांग."

"शुल्क आलं, फी आली, वरचा खर्च आला..."

"वरचा म्हंजी कोन? देव?"

रांगेतली माणसं हसली. एजंटचा चेहरा उतरला. "मग बसा इथंच. महिनाभर नंबर लागायचा नाही."

"बसते की," आत्या म्हणाल्या. "पावसात मेंढरं राखलीत म्या. ह्या पंख्याखाली काय धाड भरलीय? अन् ऐक राव, ज्याची पावती नाय त्याला माझ्याकडं दमडी नाय."

आणि बसल्या. दुपारी पदरातली भाकरी तिथंच बाकावर सोडली. सुनंदा हळूच म्हणाली, "माय, देऊन टाक ना. कशाला तंडायचं?" आत्यांनी तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "जेव."

आवाज ऐकून आतून अधिकारी बाई आल्या. तरुण होत्या, पण डोकं शांत. त्यांनी आत्यांना समोर खुर्ची दिली आणि कागदावर एकेक ओळ लिहून दाखवली. हे मुद्रांक शुल्क, ही नोंदणी फी, हे कागद हाताळण्याचे पानामागे. प्रत्येकाची पावती मिळणार. चौथी ओळ नव्हतीच. आत्यांनी तीन वेळा वाचून घेतलं. "आता समजलं. लई हाय, पन समजलं." तिसऱ्या दिवशी नंबर लागला. एजंट त्या वेळी चहाच्या टपरीकडे तोंड करून उभा होता.

आणि रुपयासाठी एसटी डोक्यावर घेणाऱ्या या बाईनं शुल्काची ती भलीमोठी रक्कम भरताना हूं की चूं केलं नाही. फक्त दस्त वाचताना मी "लिहून घेणार यांच्याशी नाते: नाही" इथं आलो, तेव्हा खिडकीबाहेर बघितलं. सही मात्र स्वतः केली. अंगठा नको म्हणाल्या. यंत्रावर तरीही अंगठा द्यावा लागतो हे कळल्यावर म्हणाल्या, "मंग दोनी घ्या."

परवा दळण आणायला गेलो, तर गिरणीच्या खोलीत भिंतीवर एक कागद चौकटीत लावलेला दिसला. नोंदणीच्या दस्ताचं शेवटचं पान, माझ्याच दुकानात काढलेली झेरॉक्स. देणार आणि घेणार यांचे कचेरीतल्या कॅमेऱ्यानं टिपलेले फोटो, खाली अंगठ्यांचे ठसे. आत्या डोळे वटारलेल्या, सुनंदाचे अर्धे मिटलेले.

"उतारा लावायचा ना, आत्या," मी म्हणालो. "मालकीचा कागद तो. हे पान कशाला?"

आत्या दळण मापत होत्या. हात थांबला.

"सुनंदाच्या लग्नात मांडवात आईबापाच्या जागी तिची चुलता-चुलती बसली. रक्ताची व्हती ना. फोटूत समदी तीच. मी भाताच्या चुलीपाशी व्हते, मला कुनी बोलावलं न्हाई." त्या उठल्या आणि काचेवर बसलेलं पीठ पदरानं पुसलं. "आमा मायलेकींचा एकत्र फोटू ह्यो एवढाच हाय."