मळखाऊ रंगाचं कव्हर

आमच्या घरात एक वस्तू उघडी दाखवा! टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, आणि ती धुवायला टाकली की घालायला दुसरी कव्हरं. सगळी माझ्या हातची, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक गुलाबी फूल. शाळा मी दुसरीत सोडली, पण शिलाईत माझा हात धरणारी अजून जन्माला यायचीय!

उघडा होता तो एकटा आमचा ट्रक. ट्रक म्हणजे यांचा जीव. पण म्हातारा झालेला, चढावर धापा टाकणारा. दोनदा रस्त्यात उकळला, तसा मुलगा वैतागला. "बाबा, आता पुन्हा उकळला की थेट भंगारात! मी बोलून ठेवलंय."

यांचं तोंड हवा गेलेल्या टायरसारखं झालं. माझी काळजी वेगळीच. ट्रक गेला म्हणजे हे दिवसभर घरात! मागे गाडी गॅरेजात होती, तेव्हा यांनी माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले आणि साखर माळ्यावर चढवली. चहा करायला मला शिडी लागली हो! छे, ट्रक जगलाच पाहिजे.

मी स्वतः गॅरेजात जाऊन उभी राहिले. वस्तादाने नळी बदलली, जाळ्या धुतल्या आणि मला समजावलं, "काकू, या दोन जाळ्या बघा. पुढची गिअरचं तेल गार करते, मागची इंजिनाचं पाणी. पाणी तापलं की तेल तापतं, तेल तापलं की गिअर जळतात. पाणी-तेल वेळेवर बदला, नळ्या बघत जा, आणि जाळ्यांवर धूळ, पाला, किडे अजिबात बसू देऊ नका. कारण..."

कारण मी ऐकलंच नाही. ऐकण्यासारखं सगळं ऐकून झालं होतं! धूळ बसू द्यायची नाही तर काय करायचं, हे मला कोण शिकवणार?

जाडजूड कापड घेतलं. दुपदरी शिवलं, आत अस्तर, चारी कोपऱ्यांना नाड्या. रंग काळा, मळखाऊ. हे जेवायला बसले, तेव्हा बॉनेट उघडून जाळ्यांसमोर घट्ट बांधून टाकलं. बाहेरून पत्तासुद्धा लागत नव्हता. मुक्कामी पोचल्यावरच सांगायचं आणि कौतुक करून घ्यायचं, असा बेत.

मुक्काम म्हणजे विहीणबाईंचं, माझ्या लेकीच्या सासूचं, नवं घर. त्यांचंच सामान ट्रकमध्ये, मागे हमाल, पुढे आम्ही तिघं. चढ लागला.

"काटा वर चाललाय," हे पुटपुटले.

"चढावर सगळंच वर जातं!"

विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. "काहीतरी जळतंय का हो?"

"तुमच्या कपाटातल्या डांबरगोळ्या असतील."

तेवढ्यात फुस्स! बॉनेटखालून वाफेचा लोट आला, गिअर पडेना, ट्रक जागच्या जागी बसला.

"वजन!" मी निकाल दिला. "विहीणबाई, राग मानू नका, पण तुमचं कपाट म्हणजे हत्ती आहे. उतरवा सगळं!"

"वा! ट्रकला दमा तुमच्या, आणि दोष कपाटाला आमच्या?"

कपाट उतरलं, पलंग उतरला, सोफा उतरला. विहीणबाई भर रस्त्यात आपल्याच सोफ्यावर फुगून बसल्या. एक गाडी थांबली. "सोफा विकायचाय का?"

"बसलेल्या बाईंसकट नेणार असाल तर बोला!" मी म्हटलं. गाडी सुसाट पळाली.

मग यांनी फोन करून बोलावलेला वस्ताद आला स्कूटरवरून. मागच्या सीटवर आमचा मुलगा, टाय खांद्यावर उडालेला, फोन कानाला. "हो, भंगारात. आजच घेऊन जा."

हे नुसते ट्रकच्या दारावर हात ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या उशाशी राहावं तसे. खरं सांगते, त्या घडीला मला डबे आठवले नाहीत.

वस्तादाने बॉनेट उघडलं, वाकला, एक नाडी दिसली ती ओढली. जादूगाराच्या रुमालासारखं माझं कव्हर बाहेर आलं!

"अहो, जाळीला वारा लागावा म्हणून धूळ बसू देऊ नका म्हटलं होतं! ही रजई कुणी पांघरली?"

कव्हरभर धूळ आणि किडे. कोपऱ्यात गुलाबी फूल मात्र टवटवीत. विहीणबाई सोफ्यावरून ताडकन उठल्या. त्यांच्या टीव्हीवर तेच फूल आहे, मीच दिलेलं! "अगं बाई, हे फूल तर..."

"मी बांधलं," हे म्हणाले. "घरात एक कळकट फडकं पडलं होतं. म्हटलं, किडे तरी अडतील."

फडकं! दुपदरी! अस्तराचं! मी जीभ दातांखाली धरली. विहीणबाई परत सोफ्यावर टेकल्या आणि पदराआड अशा हसल्या, की सोफ्याच्या स्प्रिंगा वाजल्या.

ट्रक गार झाला. वस्तादाने पाणी भरलं, तेल तपासलं. "नशीब, जळलं काही नाही. दोष गाडीत नाहीच, फडक्यात होता. वारा लागू द्या, मस्त चालेल." मुलाने फोन करून भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि ट्रक सगळं सामान घेऊन गुणगुणत चढ चढला.

आता हे रोज कामावर जातात. सुट्टीच्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात शिरतात आणि शांतपणे माझे डबे उंचीप्रमाणे लावतात. मी तोंड उघडलं की एवढंच विचारतात, "अगं, ते फडकं कुठं ठेवलंस गं?"

शिडी मी आता ओट्याशेजारीच ठेवलीय. तिला एक कव्हर शिवणार होते. पण म्हटलं, राहू दे!