उडते अर्धे, बसलेले एक

एखादी गोष्ट कमी होऊ लागली की माणसाने तिची वही ठेवावी. त्याने ती वाढत नाही, पण आपण गाफील नव्हतो एवढे सिद्ध होते.

आमचे मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त हेडक्लार्क आहेत. घरामागच्या बागेतली फुलपाखरे रोडावली, तेव्हा त्यांनी हळहळण्यात वेळ दवडला नाही, वही आखली. रोज सकाळी नऊ ते सव्वानऊ खुर्ची टाकून मोजणी. बसलेले फुलपाखरू एक, उडते अर्धे (खात्री नसल्याने), कुंपण ओलांडून गेलेले वजा एक. पहिल्या वर्षी रोजची सरासरी साडेएकवीस, दुसऱ्या वर्षी नऊ, यंदा वर्षभरात मिळून अर्धे. संशयितांच्या यादीत शेजारचे मांजर, बदलते हवामान आणि ताईचा आवाज.

सव्वानऊला दुसरी वही उघडते: लिंबाच्या झाडावरच्या अळ्या. चिमटा, बादली, साबणाचे पाणी. पहिल्या वर्षी निकाली चारशे बारा, यंदा अवघ्या सहा. ही वही ते पाहुण्यांना आधी दाखवतात, आणि अक्षर खरोखरच देखणे आहे.

ताईने एकदा दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"अहो, या अळ्यांचीच फुलपाखरं होतात ना?"

मेहुण्यांनी चष्मा पुसला. "होत असतील. पण वह्या वेगळ्या आहेत."

ताईने सातवी अळी काचेच्या बरणीत घालून चहाच्या डब्यामागे लपवली. रोज कोवळी पाने घालायची आणि पुटपुटायची, "एवढं एक तरी उडू दे गं बाई." तिला फार वाटायचे.

व्हायचे तेच झाले. चहा करताना मेहुण्यांना बरणी सापडली. चिमटा आणला, झाकण उघडले आणि ते थबकले. आत कोष होता. अळी नव्हे, फुलपाखरूही नव्हे. दोन्ही वह्यांत रकाना नाही. प्रकरण प्रलंबित ठेवण्यात आले. (नियमात न बसल्यामुळे जीव वाचल्याचे हे आमच्या घरातले पहिलेच उदाहरण.)

नवव्या दिवशी, बरोबर नऊ वाजून सात मिनिटांनी, ताईने बरणी बागेत उघडली. फुलपाखरू वर आले, लिंबाला एक फेरी मारली आणि कुंपणापलीकडे गेले. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. मेहुण्यांनी नोंद केली: वजा एक. वार्षिक शिल्लक, उणे अर्धे.

हसताय? कुंपणापलीकडे तुम्ही राहता. तुमचा फवारणीचा पंप मेहुण्यांना खुर्चीतून रोज दिसतो. तुमची वही तेवढी अजून दिसलेली नाही.