हवालदाराचं जेवण

गुरगुरणं ही निसर्गाने सजीवांना दिलेली अत्यंत सभ्य सोय आहे. ज्याला वेळेवर गुरगुरता येतं, त्याला सहसा चावावं लागत नाही. हे सत्य आमच्या घराला जरा उशिरा कळलं.

घरात दादा, वहिनी, मी आणि हवालदार असे चौघे राहत होतो. पैकी हवालदार हा कुत्रा. (खुलासा एवढ्यासाठी की दादा कचेरीत मुख्य कारकून असून त्याचा आवाज ऐकून पाहुण्यांची गल्लत होते.) हवालदार अंगाने वासराएवढा आणि स्वभावाने लोण्यासारखा. कोणी कान ओढावेत, कोणी पोटावर डोकं ठेवून झोपावं, त्याची हरकत नसे. हरकत एकाच गोष्टीला होती: आपण जेवत असताना दुसऱ्या कुत्र्याने जवळपास असणं. पण घरात दुसरा कुत्राच नव्हता, त्यामुळे त्याच्या स्वभावाबद्दल सर्वत्र चांगलंच बोललं जाई. (बहुतेकांचा चांगुलपणा असाच, तपासणी न झाल्यामुळे टिकून असतो.)

मग आत्या आली. जिन्यावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि इतक्यात एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती दारात उभी राहिली ती एका हातात काठी आणि दुसऱ्या काखेत बटण घेऊन. बटण म्हणजे तिचा म्हातारा, निम्म्या दातांचा, उशीएवढा कुत्रा. तो शिस्तीत वाढला होता. जे दिसेल ते आपलं, ही त्याची शिस्त.

पहिल्याच संध्याकाळी बटण सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या थाटात हवालदाराच्या भांड्याकडे निघाला. हवालदार गुरगुरला.

"गप्प!" दादा कडाडला. "घरात पाहुणे आहेत!"

पुढे रोज हेच. तो गुरगुरे, दादा कडाडे. आठवडाभरात गुरगुरणं साफ बंद झालं आणि दादाने मोहीम यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. "धाक लागतो धाक," तो मला म्हणाला. "कचेरीत मी हेच केलं. आता तिथे एक तक्रार येत नाही."

दुसऱ्याच दिवशी हवालदाराने, कोणतीही पूर्वसूचना न देता, बटणचा कान फाडला.

जखम बेताची होती, पण रक्त पुष्कळ. आत्या रडली नाही. तिने बटणला टॉवेलात गुंडाळलं आणि काठी चाचपडत मला म्हणाली, "बाळ्या, गाडी बोलाव. ह्याला टाके घालून घेते आणि तशीच आम्ही आमच्या घरी जातो."

"आत्या, तुला धड उभं राहता येत नाहीये," मी म्हटलं.

"बटणला येतं. तो बघेल माझ्याकडे."

यावर कोणालाच हसू आलं नाही. वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली, "मग हवालदारालाच कुणाला तरी देऊन टाकू या." हवालदार टेबलाखाली गेला होता. त्याचं शेपूट तेवढं बाहेर राहिलं होतं आणि ते हलत नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, सगळी हकीकत ऐकली आणि दादाला विचारलं, "दारावरची घंटा वाजली की कटकट होते ना?"

"होते की."

"म्हणून तिची वायर कापता का?"

दादाने हा मुद्दा विचाराधीन ठेवला. बाई म्हणाल्या, "तो ओरडून सांगत होता, की जरा लांब राहा. तुम्ही त्याचा आवाज बंद केलात, त्याची भीती तशीच राहिली." कोणालाही कुठेही पाठवायचं नाही, असा त्यांनी निकाल दिला आणि घराला नियम लावून दिले. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, मधलं दार बंद. दोघांचं आटोपून ते बाहेर पडल्याशिवाय भांडी उचलायची नाहीत, आणि उचलल्यावर पुन्हा खाली दिसता कामा नयेत. हाडं, चघळायच्या वस्तू, पडलेला पाव, सगळं कपाटात. गुरगुरण्याबद्दल रागवायला सक्त मनाई.

पुढचा टप्पा बोळात पार पडे. एका टोकाला वहिनी, हवालदार आणि उकडलेलं चिकन. दुसऱ्या टोकाला मी, दोरीने बांधलेल्या बटणसह. बटण दिसला की हवालदारासमोर चिकनचा तुकडा पडे. बटण दिसेनासा झाला की चिकन बंद. अंतर आम्ही इतकं हळू कमी केलं, की कचेरीतल्या फायलीही त्याहून लवकर सरकतात. (हे दादाचं मत. त्याला दोन्हींचा अनुभव आहे.) शेवटी बटण दिसताच हवालदाराचं शेपूट हलू लागलं. जेवतात मात्र ते आजही वेगळेच. मैत्री सिद्ध करायला एकाच भांड्यात तोंड घालावं लागतं, हा बाईंच्या मते माणसांचा गैरसमज आहे.

दरम्यान दुसरं प्रकरण उद्भवलं. आत्याला खुब्यामुळे उंच खुर्ची लागे, आणि घरात उंच खुर्ची एकच, खिडकीतली, दादाची. आत्या तीत बसली की दादा खाकरे, वर्तमानपत्र फडफडवी, खुर्चीभोवती घिरट्या घाली.

"अहो," वहिनी एकदा म्हणाली, "तुम्ही गुरगुरताय."

"मी? घसा बसलाय माझा."

वहिनी रागावली नाही. (मनाई होती.) आत्या त्या खुर्चीत बसली, की ती दादाच्या हातात कॉफी आणि क्रीमचं बिस्किट ठेवू लागली. आत्या उठली की डबा बंद. शेपटीअभावी प्रगती मोजणं अवघड गेलं, पण हळूहळू दादा स्वतःच उशी झटकून म्हणू लागला, "आत्या, बस ना जरा. किती उभी राहशील!"

खुबा पूर्ण बरा झाल्यावर आत्याने घरी जायचा विषय काढला. दादा एकदम घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कशाला जातेस?" हा आवाज वेगळा होता. वहिनीने बिस्किट दिलं नाही. आत्या राहिली.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, ते पोट धरून हसले आणि म्हणाले, आमच्याकडे बुवा असं काही नाही. तुम्हीही तेच म्हणत असाल. तर एवढंच करा. उद्या जेवताना शेजारच्याला तुमच्या ताटातला सर्वात आवडता, मुद्दाम शेवटी ठेवलेला घास न विचारता उचलू द्या, आणि स्वतःचा घसा ऐका. आवाज आला तर काळजीचं कारण नाही, तुम्ही सभ्य आहात. काहीच आवाज आला नाही आणि तुम्ही हसून "घ्या ना, घ्या" म्हणालात, तर मात्र त्या बिचाऱ्याला जरा लांब बसायला सांगा.