पाच घरांचा कॅमकॉर्डर

मानाला साक्षीदार लागतो. साक्षीदार मर्त्य असतो, विसराळू असतो आणि बहुधा समोरच्या बाजूचा असतो. म्हणून सुधारलेल्या समाजाने यंत्र निर्माण केले. यंत्र मरत नाही, विसरत नाही, आणि कोणाच्या पंक्तीला जेवत नाही. तापीकाठच्या एका गावात, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या ऊस घालणाऱ्या एका घराण्याने कॅमकॉर्डर घेण्याचे ठरवले, त्यामागे हेच तत्त्व होते. छायाचित्रणाची हौस हे कारण त्या घराण्यात कोणालाही पटले नसते.

घराणे पाच भावांचे, म्हणून घरे पाच. या घराण्यात एक जुनी रीत आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवात पुरुषांची पंगत बसली की घरच्या लेकी समोर उभ्या राहतात आणि आपल्याच भाऊबंदांना, एकेकाचे नाव घेऊन, गाण्यातून शिव्या देतात. या गाण्यांना फटाणे म्हणतात. शिवी खाणाऱ्याने हसायचे असते, आणि हसताना घास अडकला तर तो मान समजला जातो. ज्याच्या वाट्याला फटाणा येत नाही तो माणूस घराण्यातून वजा झाला, असे मानतात. (वारसनोंदीपेक्षा ही पद्धत जलद आहे, आणि तिच्यावर अपील चालत नाही.)

गेल्या वर्षी एका लग्नात अनर्थ घडला. भाड्याने आणलेल्या व्हिडिओवाल्याने सभ्यपणाच्या झटक्यात फटाण्यांचा आवाज काढून टाकला आणि त्यावर बासरी चढवली. दोन नंबरच्या घराचे कर्ते उखाआप्पा यांनी ते चित्रीकरण दोनदा पाहिले, आणि टीव्हीवर बोट ठेवून विचारले, "मी दिसस, मन्हं ताट दिसस, मन्ही शिवी कोठे शे?"

 उखाआप्पांनी त्या घरचे पाणी वर्षभर घेतले नाही.

म्हणून थोरल्या घरच्या हिलालबाबांच्या नातीचे, रोहिणीचे लग्न ठरताच पाचही घरांची बैठक बसली आणि स्वतःचे यंत्र घेण्याचा ठराव एकमताने झाला. (एकमत झाल्याचे या घराण्यात कोणालाच आठवत नव्हते, त्यामुळे ठराव दोनदा वाचून घेण्यात आला.) निवडीचे काम योगेंद्रकडे आले. योगेंद्र पाचव्या घराचा एकुलता वारस, कारखान्याच्या ऑफिसात कारकून, आणि इंटरनेटवर वाचतो म्हणून शहाणा.

योगेंद्रला मात्र उखाआप्पांच्या मानाशी कर्तव्य नव्हते. त्याला एक आवाज हवा होता. फटाणे रचणारी आणि म्हणणारी होती भिकुबाई: पाच भावांची एकच बहीण, योगेंद्रची फुई, म्हणजे आत्या. लहानपणीच आईबाप गेल्यावर हिनेच त्याला वाढवले, न्हाऊ घातले, रागावून झोपवले. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितले होते की गाठ काढता येईल, जीव वाचेल, पण आवाज राहील याची हमी नाही. ऑपरेशन लग्नानंतरच्या आठवड्यात होते. म्हणजे या मांडवात फुई गाईल ते शेवटचे. उन्हात वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यासारखा तो आवाज होता, जड आणि फडफडता. आणि तो कुठेतरी घडी घालून ठेवता यावा, एवढीच योगेंद्रची इच्छा होती.

प्रथम प्रश्न निघाला की फोन का नको. फोनचा विचार सविस्तर होऊन तो नाकारण्यात आला. फोन हा एका माणसाचा असतो आणि मान पाच घरांचा. शिवाय ऐन शिवीच्या वेळी खतवाल्याचा फोन आला, तर शिवी खतवाल्याला लागू होईल काय, हा कायद्याचा मुद्दा अनिर्णीत राहिला.

मग जीप करून मंडळी सुरतेला गेली. दुकानदाराने ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम यांतील फरक समजावला. जे आहे ते जवळ आणणे हा पहिला प्रकार, आणि जे नाही ते फुगवून दाखवणे हा दुसरा. भाऊबंदकीत आयुष्य गेल्यामुळे दुसरा प्रकार मंडळींना आधीपासून अवगत होता. सबब पहिला घेण्यात आला. किती झूम हवा, याचे मापही ठरलेले होते: तिसऱ्या ओळीतल्या माणसाच्या ताटात श्रीखंड किती वाढले गेले, हे वाढणाऱ्याच्या नावासह दिसले पाहिजे. हात थरथरला तरी चित्र स्थिर राहते, ही सोय हिलालबाबांना इतकी आवडली की ती हाताला लावून मिळेल का, अशी त्यांनी चौकशी केली. मांडवातल्या अंधूक प्रकाशातही चेहरा स्पष्ट यावा या अटीला धीरजचा विरोध होता. धीरज चौथ्या घराचा, वय पस्तीस, चेहरा पन्नाशीचा. मतदान होऊन त्याचा चेहरा स्पष्ट ठेवण्यात आला.

दुकानदाराने शेवटी विचारले, "आप लोग शादी का काम करते हो?"

"नई," उखाआप्पा म्हणाले, "आम्हना शिव्यासना काम शे."

यंत्र आले. ते कोणाच्या घरी राहील? येथे घराण्याच्या परंपरेने वाट दाखवली. पाच घरांची विहीर सामाईक आहे. मोटर एकाकडे, स्टार्टर दुसऱ्याकडे, केबल तिसऱ्याकडे, फूटव्हॉल्व्ह चौथ्याकडे आणि पाइप पाचव्याकडे, अशी तिची वाटणी असल्याने कोणालाही इतरांच्या नकळत पाणी घेता येत नाही. (माहीत करूनही क्वचितच घेता येते, परंतु न्याय झाला याचे समाधान विहिरीच्या काठोकाठ आहे.) पाणी काढायला जो तो आपला भाग घेऊन येतो आणि निघताना आपला भाग घेऊन निघतो. हे त्यांच्या हातात इतके मुरले आहे की शेतातून रिकाम्या हाताने निघालेल्या माणसाला घरी विचारतात, तब्येत बरी शे ना?

"हिर सामाईक, मंग हाऊ कॅमेरा बी सामाईक," हिलालबाबांनी निकाल दिला.

त्याप्रमाणे मूळ यंत्र हिलालबाबांकडे, वडीलकीने. बॅटरी उखाआप्पांकडे. तिपाई धीरजकडे, कारण ती उभी राहते आणि धीरजच्या घरात दुसरे काही उभे राहत नाही, असे उखाआप्पा म्हणाले. माइक योगेंद्रकडे. चित्रे साठवायचे कार्ड तिसऱ्या घरच्या तापीबाईंनी मागून घेतले. तापीबाई विधवा, बोलणे मोजके.

"कार्ड मन्हापान ऱ्हाई," त्या म्हणाल्या. "याद ठेवाले बाईच लागस. तुम्ही पोरेसना वाढदिवस बी बायकोले इचारतस."

चार्जर उरला. तो भिकुबाईकडे ठेवला गेला, कारण तिने तरुणपणीच वडिलांच्या शेतावरचा हक्क सोडून दिला होता, आणि ज्याने हक्क सोडला त्याच्यावरच पाचही घरांचा विश्वास बसतो.

यंत्राची चाचणी घ्यायची तर पाचही घरे एकाच वेळी एकमेकांशी बोलत असणे आवश्यक होते. असा योग ग्रहणापेक्षा दुर्मीळ असतो. तो एकदा आला; त्यात धीरजच्या म्हशीचे अत्यंत सुस्पष्ट चित्रीकरण झाले, आणि म्हैस चौथ्याच घराची का, या प्रश्नावर योग संपला.

याहून गंभीर अडचण पुढे होती. आजवर शिवी जेवणाबरोबर जिरून जात असे. आता ती कायम राहणार, नातवंडे पाहणार, सूनबाईच्या माहेरी जाणार. तेव्हा फटाण्यांचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा, असे ठरले, आणि योगेंद्र तो निरोप घेऊन फुईकडे गेला.

भिकुबाई लसूण सोलत होती. "माले शिव्या देवाले परवानगी लागस?" ती म्हणाली. "मी काय तहसीलमा बठेल शे?"

"फुई, रेकॉर्ड व्हनार शे. तुन्हा आवाज ऱ्हाई."

"मन्हा आवाज ऱ्हाईसन काय करी? एकला बठी ऱ्हाई का डबीमा?"

योगेंद्र तिच्याबरोबर लसूण सोलू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग लसणाची पाकळी त्याच्या कपाळावर मारून म्हणाली, "जा, कर तुन्हा मसुदा."

मसुदा झाला. उखाआप्पा: कंजूष, मान्य, परंतु हिलालबाबांच्या शिवीपेक्षा दोन ओळी कमी भरतात, सबब वाढवून मिळावी. हिलालबाबा: बायकोला भितात; 'भितात'ऐवजी 'सल्ला घेतात' अशा दुरुस्तीसह मान्य. धीरज: आळशी, 'विश्रांतिप्रिय' असे करून मान्य. तापीबाईंचा मुलगा नोकरीला परगावी, हजर नसेल. तरीही त्याच्या शिवीचा वाटा आईकडे सुपूर्द व्हावा. योगेंद्रने पाचव्या घराची जागा कोरी सोडली. स्वतःला कोणती शिवी बसते हे माणसाने स्वतः लिहू नये, एवढे भान त्याला होते.

मांडवाचा दिवस उजाडला. पत्रावळ्या मांडल्या, दालबाटी वाढली गेली, लेकी उभ्या राहिल्या. पाचही घरे आपापला वाटा घेऊन वेळेवर आली. ज्यांनी त्यांना विहिरीवर पाहिले होते त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. यंत्र जोडले गेले, छोट्या पडद्यावर मांडव उमटला, आणि आपला वाटा नीट चालतो ना हे पाहायला चार घरचे पुरुष पंगतीतून उठून आणि तापीबाई वाढणे सोडून यंत्राच्या मागे गोळा झाले.

भिकुबाईसमोर वाफाळणाऱ्या पत्रावळ्यांची लांबलचक ओळ उरली. माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी होती. तो तिच्या तोंडासमोर आला.

"हाई मुंगूस कसाले आनं आठे?"

"फुई, माइक शे. म्हन आते."

"कोनले म्हनू? पत्रावळ्यासले?"

मंडळी पडद्यात गढली होती. पडद्यावर भिकुबाई फारच चांगली दिसत होती, असे हिलालबाबांचे मत पडले.

"तोंड दखाडा रे, मुडदाहोन," भिकुबाई म्हणाली. "शिवी पाठवर बसत नई. बठा जेवाले, नई तं मी जास."

तिने खरोखरच पदर खोचला.  आज ती गेली तर आवाज गेला. त्याने हात जोडून सगळ्यांना विनवले: यंत्र आपोआप चालते, तिपाईवर आहे, कोणी पाहायची गरज नाही, पंगतीला बसा. स्वतः तो सर्वांत आधी धावत जाऊन आपल्या पत्रावळीसमोर बसला, कारण फुईला पाचवे घर रिकामे दिसू नये.

मंडळींना ते पटले. मंडळी निघाली. आणि निघताना, शेतातून निघतात तशी, कोणाशी न बोलता, कोणाकडे न बघता, जो तो आपला वाटा घेऊन निघाला. उखाआप्पांनी बॅटरी खिशात टाकली. तापीबाईंनी कार्ड कमरेच्या पिशवीत सरकवले. धीरजने तिपाई मिटून काखेत घेतली. हिलालबाबांनी उरलेले यंत्र धोतराने पुसून मांडीवर घेतले. योगेंद्रने खाली पाहिले, तर त्याच्याही मुठीत ती केसाळ टोपीची वस्तू होती. ती कधी उचलली, हे त्याला सांगता आले नसते.

तो उठायला गेला. पण फुईने तोंड उघडले होते.

"उखाना घरमा दिवा कशा जये,
शेजारना उजेड खिडकीमा पडे!"

शेजारच्या उजेडावर दिवा वाचवणाऱ्या उखाआप्पांचा घास तिथेच अडकला. पाठीवर थापा पडल्या. मसुदा कुठल्या कुठे वाहून गेला.

"धीरज गया मयामा, चटई लई संगे,
केयीना घड पिकना, तरी नई जागे!"

चटई घेऊन मळ्यात निजलेल्या आणि केळीचा घड पिकला तरी न उठलेल्या धीरजवर लेकी झिलावर झील धरत होत्या. हिलालबाबांच्या बायकोने वाढता वाढता बाटी खाली टाकली. आणि मग भिकुबाईची नजर पंगतीवरून फिरली, खिशांवर, मांड्यांवर, काखांवर थांबली, आणि तिने असा सूर काढला की मांडवावरची चिमणी उडाली:

"पाच घरस्नी मियीसन एक डोया लिधा,
खिसामा घालीसन जेवाले बठना!"

पाच घरांनी मिळून घेतलेला एक डोळा खिशात निघाल्यावर मांडव कोसळला नाही, एवढेच. माणसे एकमेकांच्या पत्रावळीवर पडली. उखाआप्पा वर्षभर ज्या घरचे पाणी घेत नव्हते त्याच घरच्या तांब्याला तोंड लावून ठसका शमवत होते. त्या गदारोळात भिकुबाई योगेंद्रसमोर आली आणि पाचव्या घराचा फटाणा म्हणाली. तो दोनच ओळींचा होता. मुठीतला माइक त्याने जमिनीवर ठेवला आणि हसायला लागला, आणि ते हसू त्याला बराच वेळ आवरता आले नाही.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. भिकुबाई घरी आली. ती आता खुणांनी बोलते.

रीतसर चौकशी झाली. बॅटरी पूर्ण भरलेली आढळली. कार्डावर म्हैस तेवढी होती (अर्धवट तोडलेले चित्रीकरण साठत नाही), म्हणजे कार्ड निर्दोष. तिपाई, माइक, यंत्र, सर्व उत्तम. कोणत्याही घराचा वाटा नादुरुस्त नव्हता, सबब काहीही चुकलेले नाही, असा निष्कर्ष निघाला. चौकशीचे मात्र संपूर्ण चित्रीकरण झाले. चित्र सुरेख आहे. त्यात पाच घरे बसलेली दिसतात आणि कोणी काही बोलत नाही.

हल्ली संध्याकाळी एकेक जण योगेंद्रकडे येतो आणि इकडचेतिकडचे बोलून विचारतो, "मन्ही कशी व्हती रे? परत सांग." योगेंद्र सांगतो. ऐकणारा हसतो आणि घरी जातो. योगेंद्रची स्वतःची शिवी मात्र दुसऱ्या कोणाला आठवत नाही, कारण तेव्हा सगळे ठसकत होते.

ती येथे द्यावी अशी वाचकाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तथापि ती समोर बसलेल्यासाठी होती, आणि वाचक त्या पंगतीला नव्हता. वाचकाकडे याहून चांगले यंत्र असेलच. बॅटरी भरलेली असेल, कार्डात जागाही असेल. आता फक्त आपल्याला नाव घेऊन शिवी देईल असे कोण उरले आहे, एवढे आठवून पाहावे. आठवेपर्यंत यंत्र बंद ठेवले तरी चालेल. बॅटरी उगीच उतरते.