सात नंबरचा कॅमशाफ्ट

"या बाबतीत आता मला कसलीही शंका नाही."

हे वाक्य ग्रंथपालकाकांनी आयुष्यात एकदाच उच्चारलं, आणि तेही एका पिकअप गाडीच्या कॅमशाफ्टबद्दल!

एरवी काका म्हणजे शंकेचं माहेरघर. कुलूप लावून निघाले की जिन्यातून दोनदा वर येऊन ते ओढून बघायचे आणि तिसऱ्यांदा मनातल्या मनात यायचे. 'चहा घेणार का' असं विचारलं की 'तसं बघितलं तर' अशी सुरुवात करायचे. चहा समोर येऊन निवला तरी त्यांचं तसं बघणं संपत नसे. वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, तिथे हे खपून गेलं. घरात मात्र त्यांच्यावर कोणी काही सोपवत नसे. एकदा त्यांनी गळका नळ दुरुस्त करायला घेतला होता. खालच्या मजल्यावरचे लोक त्या दिवशी घरात छत्री उघडून बसले होते.

घर चालायचं ते काकूंच्या जिवावर. काकूंची गावाबाहेर रोपवाटिका होती, आणि रोपं पोचवायला एक जुनी पेट्रोलवर चालणारी पिकअप. गाडीही काकूच चालवायच्या. काका शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचायचे आणि त्यांतल्या चुका सांगायचे.

त्या गाडीच्या इंजिनातून एक दिवस टकटक आवाज यायला लागला. मिस्त्रीने इंजिन उघडलं. हा मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस होता. दिवसाला पंचवीस शब्द ठरलेले असावेत आणि त्यांतले दहा तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवत असावा.

"कॅमशाफ्ट गेला," तो म्हणाला.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की हे उंचवटे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, ढकलून उघडतात, मग इंजिन आत श्वास घेतं आणि बाहेर धूर सोडतं. काकूंच्या गाडीतले उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते. मूळ कंपनीने ते इंजिन बनवणं कधीच सोडून दिलं होतं. तेव्हा बाहेरच्या कंपनीचा दांडा घ्यायचा, आणि त्यात एकापासून सातपर्यंत नंबर होते.

"मालाच्या गाडीला एक नंबर," मिस्त्री म्हणाला.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण नेमक्या त्याच वेळी काकूंना फोन आला. टेकडीवरच्या नव्या इस्पितळाच्या उद्घाटनाला एकशेवीस कुंड्या हव्या होत्या, येत्या शुक्रवारी सकाळी दहाच्या आत. काम पसंत पडलं तर वर्षभर त्या बागेची देखभाल काकूंकडेच. एवढं मोठं काम रोपवाटिकेला कधी मिळालंच नव्हतं. काकू फोनवर बोलत बोलत लांब गेल्या आणि जाता जाता काकांकडे हात हलवून म्हणाल्या, "ते नंबरचं काय ते तुम्ही बघा हो."

चाळीस वर्षांच्या संसारात 'तुम्ही बघा' हे शब्द काकांनी पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी टोपी सरळ केली. मिस्त्रीकडे वळून ते म्हणाले, "दोन दिवस द्या. मी जरा वाचतो."

काका तडक जुन्या वाचनालयात गेले. या विषयावर तिथे एकच पुस्तक होतं. जाड, निळ्या बांधणीचं, मागच्या कपाटात तळाच्या खणात. काकांनीच ते पूर्वी नोंदवून घेतलं होतं, आणि परतीच्या तारखांची चिठ्ठी पहिल्या पानावर त्यांनीच चिकटवली होती. चिठ्ठ्या चिकटवणं हे काकांचं खास काम. पट्टी लावून, चारी बाजूंना सारखं अंतर सोडून, डिंक कडेपर्यंत फिरवून. त्यांची चिठ्ठी एकदा बसली की पान फाटेल, पण चिठ्ठी निघणार नाही, असं सगळे म्हणत. या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती. इतक्या वर्षांत ते पुस्तक कोणी घरी नेलंच नव्हतं. काकांनी स्वतःच्या हाताने पहिला शिक्का मारला आणि त्यांना उगाच त्या पुस्तकाबद्दल माया वाटली.

दोन दिवस काका जेवतानासुद्धा वाचत होते. त्यांनी वही केली. वहीत समास आखला. व्हॉल्व्ह किती उंच उचलला जातो, किती वेळ उघडा राहतो, कुठल्या नंबरच्या दांड्याने किती ताकद मिळते, याची कोष्टकं उतरवून काढली. सगळ्या कोष्टकांत एक नंबर तळाशी होता आणि सात नंबर शिखरावर. एक नंबरचा आलेख म्हणजे आजारी माणूस पलंगावर झोपल्यासारखा. सात नंबरचा आलेख मात्र पानाच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता!

तिसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन गॅरेजमध्ये उभे राहिले आणि त्यांनी सात नंबर सांगितला.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "सात?"

"असं बघा," काका म्हणाले, "व्हॉल्व्ह म्हणजे दार. वाचनालयाचं दार जितका जास्त वेळ उघडं, तितके जास्त लोक आत येणार. हो की नाही?"

मिस्त्रीने थोडा विचार केला. "पुढचं आणि मागचं दोन्ही दारं उघडी ठेवलीत काका, तर आलेला माणूस तसाच मागून निघून जाईल."

"आमच्या वाचनालयाला मागचं दार नव्हतं," काका म्हणाले.

मिस्त्रीने पाना पुन्हा उचलला. त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं.

"अहो, टेकडी चढायची आहे. कुंड्या भरून, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू. चालेल ना हा सात नंबर?"

तेव्हा काका ते वाक्य बोलले. या बाबतीत आता मला कसलीही शंका नाही.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला होकार देतानासुद्धा हा माणूस 'हरकत नसावी' एवढंच म्हणाला होता.

"बसवा हो सात नंबर," काकू मिस्त्रीला म्हणाल्या. "हे नक्की म्हणतायत. असं कधी होत नाही."

मिस्त्रीने मान हलवली, कंपनीला फोन लावला आणि कोपऱ्यात तोंड करून बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

गुरुवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. काकूंनी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. म्हणजे सुरू झालं, बंद पडतंय असं वाटलं, मग पुन्हा आठवण झाल्यासारखं सुरू झालं. धडक-धडक... धड... धडक-धडक. गाडी जागच्या जागी थरथरत होती. आरसा इतका हलत होता, की त्यात मागे उभा असलेला एकटा मिस्त्री चौघांसारखा दिसत होता.

"हे काय हो?" काकूंनी विचारलं.

"मोठा श्वास घेतंय," काका म्हणाले. "पान एकशे बारा."

घरी जाताना रस्ता सपाट, मोकळा आणि गाडी रिकामी. काकूंनी पाय दाबला मात्र, पिकअप अशी सुटली की काकांची टोपी मागच्या काचेला जाऊन चिकटली. एका चकचकीत मोटारीला त्यांनी मागे टाकलं. या गाडीने याआधी फक्त सायकलींना मागे टाकलं होतं, तेही उतारावर. काकांनी टोपी झटकून पुन्हा घातली, आणि रस्त्यावरची एकही पाटी न वाचता ते घरापर्यंत नुसते हसत बसले.

शुक्रवारी सकाळी कुंड्या भरून, रोपांना पोटभर पाणी पाजून दोघं निघाले. काकांच्या पायाशी पाण्याने भरलेली झारी होती आणि मांडीवर निळं पुस्तक. इस्पितळाच्या लोकांनी काही विचारलं तर दाखवायला बरं, असा त्यांचा हिशेब होता. इस्पितळाचे लोक कॅमशाफ्टबद्दल काय विचारणार होते, ते त्यांनाच ठाऊक.

टेकडीच्या पायथ्याशी काकूंनी पहिला गिअर टाकला. गाडी चार हात चढली, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली.

पुन्हा किल्ली. पुन्हा चार हात. पुन्हा उचक्या. मागे कुंड्या एकमेकींवर आपटत होत्या. वरच्या फाटकातला पहारेकरी हातातली काठी टेकून तमाशा बघत होता.

"अहो, ताकदच नाही हिच्यात."

"आहे, आहे," काका घाईघाईने पानं उलटत म्हणाले. "पण ती वेगात आहे. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या पुढे. इथे स्वच्छ लिहिलंय."

"आणि तीन हजारांच्या खाली?"

काकांनी आलेख पाहिला. तीन हजारांच्या खाली सात नंबरची रेघ एक नंबरच्याही खाली, जवळजवळ जमिनीत गेली होती. काकांनी दोन दिवस फक्त शिखराकडे पाहिलं होतं. पायथ्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"खाली... तसं बघितलं तर..." काका म्हणाले.

ते शब्द ऐकताच काकूंनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"घट्ट धरा," त्या म्हणाल्या. त्यांनी गाडी उताराने मागे घेतली, सपाटीवर बरीच लांब नेली, आणि इंजिन असं काही पळवलं की झाडावरचे कावळे उडाले. मग सुटल्या! पिकअप टेकडीवर चढली नाही, टेकडीवर झेपावली. पहारेकऱ्याने काठी टाकून फाटकामागे उडी घेतली. पण फाटकात गतिरोधक होता. काकूंनी पाय उचलला, वेग उतरला आणि त्याबरोबर सात नंबरचा प्राणही गेला. गाडीने एक शेवटचा मोठा आचका दिला. काकांच्या पायाशी असलेली झारी उडून मांडीवर आली आणि पुस्तकासकट काकांना सचैल स्नान घडलं.

आवाज ऐकून मुख्य डॉक्टर धावत बाहेर आले. "इथे जनरेटर कोणी लावला? वर खिडक्या हादरतायत."

"जनरेटर नाही, साहेब," पहारेकरी फाटकामागून म्हणाला. "रोपं आलीत."

काकू खाली उतरल्या. अकरा कुंड्या फुटल्या होत्या. पण त्यांनी सवयीने पंधरा जास्त आणल्या होत्या. प्रश्न फुटलेल्यांचा नव्हता. फाटकापासून इमारतीपर्यंत अजून दोनशे पावलांचा चढ उरला होता आणि गाडी आता ढिम्म हलणार नव्हती.

काकूंनी मिस्त्रीला फोन लावला, पदर खोचला आणि पहिली कुंडी उचलली. काका दुसरी उचलायला गेले.

"तुम्ही राहू द्या. कंबर धरेल तुमची."

"नाही," काका म्हणाले. दुसऱ्यांदा ते ठाम बोलत होते, आणि या वेळी निदान कोष्टक नव्हतं. "मी नेणार."

भिजलेला सदरा, पाण्याने जड झालेली टोपी, आणि छातीशी धरलेली कुंडी. प्रत्येक खेपेला काका मनात एकच वाक्य म्हणत होते: एक नंबर, मालाच्या गाडीला एक नंबर. चौथ्या खेपेला ते कुंडी टेकवून वाटेतच बसले. ते बघून पहारेकऱ्याला राहवलं नाही. मग दोन परिचारिका आल्या, मग स्वच्छतेचं काम करणाऱ्या बायका आल्या, आणि शेवटी डॉक्टरांनीही दोन कुंड्या नेल्या. रांग लागली. काकांनी रांगेच्या टोकाला उभं राहून कुंड्या ओळीत लावल्या: पट्टी लावल्यासारख्या, चारी बाजूंना सारखं अंतर सोडून. दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटची कुंडी जागेवर बसली.

डॉक्टर लांब उभे राहून त्या ओळींकडे बघत होते. "छान लावल्यात. वर्षभराचं काम तुमच्याकडेच. फक्त एक अट आहे. ती गाडी फाटकाच्या आत आणायची नाही."

दोघं गाडीजवळ परत आले. काकांनी पुस्तक वाळवायला बॉनेटवर उघडं ठेवलं. पहिलं पान भिजून फुगलं होतं, आणि जिची आयुष्यभर ख्याती होती ती चिठ्ठी एका कोपऱ्यातून उचलली गेली होती. काका ती दाबून बसवायला गेले. काकूंनी त्यांचा हात बाजूला केला. चिठ्ठीखाली छापील अक्षरं दिसत होती. काकूंनी ती हलकेच सोलली आणि मोठ्याने वाचलं:

"'विशेष सूचना. या पुस्तकातील सर्व माहिती फक्त शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे. मालवाहू गाडी असल्यास आपल्या मिस्त्रीचे ऐकावे.'"

वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी काकांच्या हातात दिली.

"चिठ्ठी कोणी चिकटवली होती हो?" काकूंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"सरळ बसली होती," काका पुटपुटले. "त्या पानावर तेवढीच मोकळी जागा... म्हणजे मोकळी नव्हतीच म्हणा."

काकूंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते, तेवढ्यात मिस्त्रीची जीप आली. तो दोर घेऊन उतरला. मागच्या सीटवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबट पडलं होतं.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"एक नंबर. सातच्या बरोबरच मागवला होता." मग त्याची नजर बॉनेटवरच्या पुस्तकावर गेली. शिकलेल्या माणसांबद्दल त्याला मनापासून आदर होता. "काका, एक नंबरबद्दल पुस्तकात काय म्हटलंय?"

काकांनी झटकन पानावर पंजा ठेवला.

"पुस्तक," ते म्हणाले, "साधारण तुमच्याच मताचं निघालं."

काकूंनी तोंडावर पदर धरला आणि त्या कुंड्यांच्या ओळींकडे बघू लागल्या.

"मग बसवू ना एक नंबर? नक्की?"

"नक्की असं..." काका म्हणाले, "म्हणजे तसं बघितलं तर, मला वाटतं, हरकत नसावी. पण तुम्ही पुन्हा एकदा..."

"बसवा हो," काकू म्हणाल्या. "आता बरोबर आहे."