पहिलाच पवित्रा

इनॉक ऑग्डन इंग्लंडातल्या रॉचडेल गावात भिंतींना रंगीत कागद चिकटवण्याचा धंदा करी आणि उरलेला वेळ आरशात आपले दंड पाहण्यात घालवी. त्याच्या डंबेल्सनी घरातली बाहेरची खोली कधीच गिळली होती.

"आज पदक आणलंस तर खोली तुझी," शरीरसौष्ठव स्पर्धेच्या दिवशी त्याची बायको हेटी म्हणाली. "नाहीतर हे लोखंड बाहेर."

"तू भिंतीला खिळा ठोकून ठेव," इनॉक म्हणाला आणि फळीवरचा पावडरचा डबा घेऊन निघाला.

त्या काळी अशा स्पर्धेत नुसते दंड फुगवून भागत नसे. अंगाला पांढरी पावडर फासून ग्रीक पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. परीक्षक असत मूर्तिकार, आणि पुतळा हलला की गुण कापले जात. पावडर नीट बसावी म्हणून इनॉकनं अंग ओलं केलं, ती सढळ हातानं थापली, कमरेला बिबट्याचं कातडं गुंडाळलं आणि कपाळाशी हात धरून दूर पाहणाऱ्या वीराच्या थाटात तो चौथऱ्यावर चढला.

गॅसच्या दिव्यांची धग लागली तशी पावडर आवळू लागली. वास ओळखीचा वाटला. पीठ आणि तुरटी. डबा कामावरचा होता, कागद चिकटवायच्या खळीचा.

"दुसरा पवित्रा," परीक्षक पिनफोल्डसाहेबांनी फर्मावलं.

बाकीचे स्पर्धक वळले. इनॉकनं हात ओढला, तर भुवईही सोबत निघाली. त्यानं हात होता तिथेच ठेवला.

"ऑग्डन, ऐकू आलं नाही का?"

"आलं, साहेब. पण माझा पहिलाच अजून पुरा झालेला नाही."

पिनफोल्डसाहेब जवळ आले. त्यांनी चष्मा पुसला आणि इनॉकभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिकडे स्पर्धकांतल्या खाटकाचा गुडघा लटपटला, पोस्टमन शिंकला. इनॉकची पापणीसुद्धा हलली नाही, कारण तीही चिकटली होती.

"तीस वर्षं मी अशा माणसाच्या शोधात होतो," साहेब सद्गदित होऊन म्हणाले. गळ्यात घालायला हात आडवा येत होता, म्हणून पदक इनॉकच्या कोपराला अडकवण्यात आलं. घरी जाताना वाटेत दोन हवालदारांनी त्याला उलट सलाम ठोकला.

हेटीनं कोमट पाणी ओतून ओतून त्याला सोडवलं. "आठ महिने लोखंड उचललंस," ती शांतपणे म्हणाली, "आणि जिंकलास खळीवर." मग तिनं भिंतीला खिळा ठोकून पदक टांगलं. ती भांडली असती तर इनॉकला बरं वाटलं असतं.

रविवारी शेजारी चहाला आले. भिंतीवरच्या पदकाकडे पाहत म्हणाले, "एवढं निश्चल राहणं जमतं तरी कसं रे?"

"मनाचा निश्चय," इनॉक छाती काढून म्हणाला.

हेटीनं चहा ओतता ओतता एकदाच त्याच्याकडे पाहिलं. शेजारी गेल्यावर इनॉकनं कोट उतरवला आणि कुणी न सांगता एकेक डंबेल उचलून मागच्या कोळशाच्या खोलीत नेऊन ठेवलं.